रोजचा दोन मार्च

आमच्या मिलच्या कॉम्प्युटरवर चौदा महिने रोज दोन मार्चच असायचा. तो मीच आणला होता, आणि आणून विसरलो होतो.

सचिन गावातल्या त्या छपाईच्या मिलमध्ये कॉम्प्युटर एकच. दिवसभर त्यावर डिझाइन मास्तर साड्यांची डिझाइनं काढायचे, चारनंतर मशीन माझं. डिझाइनचं सॉफ्टवेअर डेमोचं, तीस दिवस चालून बंद पडणारं. विकत घेऊ म्हटलं की शेठना ऐकू येणं बंद व्हायचं. म्हणून मी शक्कल लढवली. सकाळी मशीन सुरू झालं की तारीख आपोआप दोन मार्च. वेळ खरी, तारीख खोटी. शेठनी पाठ थोपटली. मास्तर म्हणाले, आता मी म्हातारा व्हायचा नाही.

मास्तरांचं आणि माझं जमलं नाही. दोघंही खानदेशातले, उधन्याहून एकाच बसनं येणारे, आणि बसमध्ये एकमेकांकडे पाठ करून बसणारे. त्यांच्या लेखी मी बटणं दाबणारा. माझ्या लेखी ते माउस झुरळासारखा चिमटीत धरणारे.

मग आमची डिझाइनं आमच्याआधी दुसऱ्यांच्या दुकानात टांगलेली दिसू लागली. सचिनहून बाजारातल्या ऑफिसला ती फोनच्या लाइनीवरून जायची, पण शेठचा संशय लाइनीवर नव्हता, मास्तरांवर होता. मला बरंच वाटलं. मी छाती काढून म्हणालो, लाइनीला टाळं लावतो. फाइल अशी गुंडाळून पाठवायची की मध्ये कुणाला वाचताच येऊ नये. प्रोग्राम फुकट आहे, एका जुन्या सीडीवर त्याचा सोर्स, म्हणजे मूळ लिखाण आहे, ते इथंच कंपाइल करून चालता प्रोग्राम बनवू. त्यानंतरही माल फुटला तर घरातलाच चोर. दोन दिवस द्या.

पहिल्या दिवशी उत्साहानं रात्री आठपर्यंत बसलो. प्रोग्रामचे सगळे तुकडे कंपाइल झाले आणि शेवटच्या जोडणीत एरर आली: एक फंक्शन सापडत नाही. दुसऱ्या दिवशी चार वाजता सेटिंगच्या फाइलमध्ये ते फंक्शन बंद केलं. तीच एरर. तिसऱ्या दिवशी आणखी काही बदललं. तीच एरर, तोच शब्द. आता सहाची बस धरायची असल्यानं मला रोज दोनच तास मिळत, आणि रोज सहाला मी हरून उठे. शेठ दारातून गुजरातीत विचारत, "ताळुं लाग्युं?" मी मान हलवायचो, आडवी.

आठव्या दिवशी मी नीचपणा केला. शेठना सांगितलं, मी संध्याकाळी दुरुस्ती करतो, सकाळी मास्तर मशीनवर बसतात, आणि माझी दुरुस्ती वाया जाते. पुढचं तुम्हीच समजा. शेठ लगेच समजले. मास्तरांना शनिवारचा निरोप गेला: मशीनपाशी या, हे खरं निघालं तर सोमवारी येऊ नका. अकरा वर्षांची नोकरी होती त्यांची. त्या दोन दिवसांत बसमध्ये ते माझ्या शेजारून जाऊन मागं बसले. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शनिवारी चारला तिघं मशीनपुढे. मी मास्तरकीच्या थाटात समजावलं. ही पद्धत हुशार आहे, शेठ. सगळं पुन्हा कंपाइल करत नाही. दुरुस्ती कंपाइल केलेल्या तुकड्यापेक्षा नवी असेल तर तो तुकडा पुन्हा बनवते. नवं-जुनं तारीख-वेळ बघून ठरवते. मी तर रोज नवी दुरुस्ती करतो, तरी ती घेत नाही. म्हणजे कुणाचा तरी हात लागतोय.

मास्तर पडद्याजवळ सरकले. "तारखा दाखव," म्हणाले.

मी यादी पडद्यावर आणली. बोट टेकवत ते एकेक ओळ वाचायला लावत होते. तुकडे, दोन मार्च, रात्री आठ. दुरुस्ती, दोन मार्च, दुपारी साडेचार.

"म्हणजे भात रात्री आठला शिजला," मास्तर म्हणाले, "आणि तांदूळ त्याच दिवशी साडेचारला निवडले. मशीन कशाला परत शिजवेल?"

शेठना भात कळला. माझी दोन मार्चची शक्कल आठवायला त्यांना वेळ लागला नाही, त्यांनीच पाठ थोपटली होती. मी जुने तुकडे सगळे पुसले, नंतरच्या दिवसांत घातलेला गोंधळ काढून दुसऱ्या दिवशीची दुरुस्ती तेवढी ठेवली आणि पुन्हा कंपाइल केलं. पाऊण तास कुणी बसायला सांगितलं नाही. एकही एरर न येता प्रोग्राम तयार झाला. पहिली दुरुस्तीच बरोबर होती.

शेठ मास्तरांना सोमवारी वेळेवर यायला सांगून निघून गेले. माझ्याकडे बघितलंही नाही.

सहाच्या बसमध्ये मी माफी मागायला तोंड उघडलं. मास्तरांनी ते पुरतं उघडू दिलं नाही. सगळ्या बसला ऐकू जाईल असं, घरच्या अहिराणीत म्हणाले, "चोर धराले निंघना, आनि तुले आजनी तारीख बी माहीत नही."