खोडून साखळी काढ

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात नगरच्या आमच्या कॉलेजात प्यायच्या पाण्याला रांगा होत्या, पण बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला आलेल्या परीक्षकसाहेबांसाठी घोडेगावच्या बाजारातून बोकड आला होता. विज्ञानाची एवढी सेवा आमच्या विभागाने वर्षभरात केली नव्हती.

मला पास व्हायचंच होतं. कर्जतहून निघताना वडील म्हणाले होते, "पास झालीस तर पुन्याला धाडतो. न्हाई तर शिक्शान बास."

माझ्या स्लाइडवर यीस्ट होतं. नेहमीचं यीस्ट ऐनवेळी संपलं, म्हणून आम्हाला शिकवणाऱ्या सरांनी स्वतःचं लाडकं बिघडलेलं वाण परीक्षेला ठेवलं. त्याचं कौतुक आम्ही वर्षभर ऐकलं होतं. माठाजवळच्या गारव्यात ते नीट वाढायचं. उकाड्यात मात्र पेशीला मोठा कोंब यायचा आणि तिथंच गाडी अडायची. केंद्रक दोन्हीकडे ओढून नेणाऱ्या सूक्ष्मनलिकांची मांडणीच बिघडते, असं सर सांगत. "तापल्यावर कोण कुठं अडतं ते बघा," हे त्यांचं आवडतं वाक्य. "म्हणजे आत काय मोडलंय ते कळतं."

मी दिसलं ते काढलं. प्रत्येक पेशीला एकच मोठा कोंब, सुटलेला एकही नाही.

परीक्षकांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावलाच नाही. माझा कागद बघून म्हणाले, "यीस्टची कोंबावर कोंब येऊन साखळी होते. पुस्तक उघडलं होतं का कधी?"

"सर, इथं साखळी नाहीये. तुम्ही एकदा बघा ना."

"मला शिकवतेस? खोडून साखळी काढ, नाहीतर घरी जा."

शेजारच्या टेबलांवर लगेच खोडरबर चालू झाले. कुणालाही न दिसलेल्या साखळ्या भराभर तयार झाल्या, वर छान शेडिंगसकट. डोळ्यांपेक्षा पाठांतर बरं, हे आमची हुशार मंडळी फार लवकर शिकतात.

मी सरांकडे पाहिलं. वाण माझं आहे, मुलगी बरोबर आहे, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. ते रुमालाने मान पुसत उभे होते. मग परीक्षकांकडे वळून हसले. "साहेब, चला, जेवण गार होतंय."

मी खोडलं नाही. नापास झाले आणि पुणं राहिलं ते राहिलंच. परीक्षकाचा मला आता राग येत नाही. त्या मूर्खाला ठाऊकच नव्हतं. सरांची मात्र अजून शिसारी येते. खोली चांगली तापली होती, आणि ते कुठं अडले ते मी पाहिलं.