गफूरचाचा आणि उलटा घाट

पालच्या घाटात निम्म्यावर गाडी दोन उचक्या देऊन बंद पडली, आणि चूक सर्वस्वी ललितची होती. सावद्याहून निघताना गफूरचाचांनी टाकी काठोकाठ भरायला सांगितलं होतं. पण पणजोबांची ही मोटार उद्या नाशिकच्या एका शौकिनाकडे कायमची जाणार. भरली टाकी परक्याच्या घरी कशाला धाडायची, म्हणून ललितने तळाशी चार बोटंच पेट्रोल ठेवलं होतं.

मागच्या सीटवर त्याचे आजी-आजोबा, लताबाई आणि तोतारामनाना, भरीत-पुरीचा डबा सांभाळत बसले होते. साठ वर्षांपूर्वी लग्न झाल्यावर दोघं याच गाडीतून पालला गेले होते. आज शेवटचं जायचं होतं, आणि दुसऱ्या गाडीत पाय ठेवायला आजींनी साफ नकार दिला होता.

ललित पुण्यात मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. त्याने बॉनेट उघडलं आणि लग्नात भेटलेल्या दूरच्या आत्याकडे बघावं तसं कार्ब्युरेटरकडे बघितलं. ओळख होती, पुढे काय बोलावं ते सुचत नव्हतं.

ललितच्या शेजारी बसलेले चाचा सावकाश उतरले. धुळ्याला आग्रा रोडवर मामूच्या गॅरेजात शिकलेल्या या माणसाने पन्नास वर्षं कार्ब्युरेटर साफ केले. त्यातल्या बारीक भोकात तार घालायची नाही, तोंडाने फुंकायचं, हा मामूचा दंडक. त्यामुळे रॉकेल मिसळलेलं पेट्रोल चाचा चवीवर ओळखत. चहात साखर विसरली तर मात्र यांना पत्ता लागत नाही, अशी शहनाजचाचींची तक्रार. आता मुलगा तौसिफ गाड्यांना लॅपटॉप जोडतो. चाचा दारात बसून जाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकतात. ओळखीचा आवाज आठवड्यातून एखादा.

त्यांनी कार्ब्युरेटरला हातही लावला नाही. पुढची सीट उचलून टाकीत डोकावले.

"पेट्रोल शे," ते म्हणाले, "पन खाले शे."

या गाडीला पंप नव्हता. सीटखालच्या टाकीतून पेट्रोल आपलं उतारानेच इंजिनाकडे जायचं. चढावर गाडीचं नाक वर झालं, की उरलंसुरलं टाकीतच बसून राहायचं. मग गाडी वळवून नाक उताराकडे करायचं आणि रिव्हर्समध्ये घाट चढायचा. त्या काळी सगळे तसेच चढत.

मागे केळीचा ट्रक थांबला होता. चार-पाच मोबाइल वर झाले होते.

"चाचा, लोक बघताहेत," ललित हळूच म्हणाला. "नाना-आजींची वरात अशी उलटी न्यायची?"

"पेट्रोलले लाज नही, फिरव गाडी."