खिशातलं ‘थांब’

आमच्या ह्यांना सगळे मास्तर म्हणतात. शिंपी म्हणून मास्तर, एरवी कुणाला शिकवायच्या भानगडीत ते कधी पडले नाहीत. गळ्याच्या ऑपरेशनमध्ये त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं, आणि दिवसभर गिऱ्हाइकांशी बडबडणारा माणूस एकदम मुका झाला. गळ्याला टेकवून बोलायचं एक यंत्र दवाखान्यातून मिळालं होतं, पण त्याची घरघर ऐकून ते स्वतःच दचकायचे. मग लेकीने डबी आणली.

डबी म्हणजे कॉम्प्युटरच, पण चष्म्याच्या डबीएवढा. पडदा पार मागे दुमडायचा आणि पुढे राहायची नखाएवढाली बटणं. टाइप केलं की कॉलरला लावलेला स्पीकर बोलायचा. आवाज कसा, तर पत्र्याच्या डब्यात खडे खुळखुळवावेत तसा. पहिल्या दिवशी मी लेकीला म्हटलं, “अगं, सवत आणायचीच होती तर जरा बऱ्या आवाजाची तरी आणायचीस!”

पण ह्यांनी ती डबी अशी हाताखाली घातली की विचारू नका. उजव्या हातात कात्री, डावा हात एप्रनच्या खिशात, आणि न बघता खिशातल्या खिशात अंगठ्याने बोलणं चालू. नेहमीच्या वाक्यांना एकेक बटण दिलेलं. ‘ट्रायलला परवा या.’ ‘बाही सैल हवी का?’ माझ्यासाठीही एक खास बटण होतं, ‘तुझंच खरं’. मी भांडायला तोंड उघडायचा अवकाश, खिशातून लगेच ‘तुझंच खरं’. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं, सांगा! आणि त्याच्या शेजारच्या, अगदी कोपऱ्यातल्या बटणावर त्यांनी दोऱ्याची गाठ चिकटवली होती. ते ‘थांब’चं बटण. ते दाबलं की डबी सगळा जोर लावून ओरडायची.

बरं चाललं होतं हो. आणि एक दिवस चौकात डबीने दगा दिला.

रस्त्याच्या कडेला एक टेम्पो रिव्हर्समध्ये मागे येत होता. मी पिशवीतलं सामान नीट लावत उभी. वळून पाहते तर हे माझ्या शेजारी तोंड उघडून उभे, मान ताणलेली, डोळे पांढरे, खिशातल्या हाताची नुसती धडपड, आणि आवाज नाही. मी त्यांचा दंड धरून त्यांना खेचलं आणि मीही मागे सरले. टेम्पो आमच्या अंगाला वारा लावून गेला.

त्या दिवसापासून मला एकच भीती. ह्यांच्या छातीत कळ आली, हे कुठे कोंडले गेले, पाय घसरून पडले, तर हाक कोण मारणार? ते आंघोळीला गेले की मी दाराशी उभी. पाण्याचा आवाज थांबला की कडी वाजवायची, आणि आतून टकटक आली की मग श्वास सोडायचा. ह्यांचंही काहीतरी बिनसलं होतं. आयुष्यभर माझ्या चार पावलं पुढे चालणारा माणूस, आता मागून चालायला लागला. मी स्वयंपाकघरात गेले की हे दारात. मला वाटलं, घाबरलेत बिचारे, माझा पदर सोडवत नाहीये. मी चिडायचेसुद्धा. “मी काय पळून चाललेय का?” खिशातून काही येईना, कारण डबी दुरुस्तीला गेलेली.

डबीची बॅटरी फुगली होती. त्या जातीची डबी आता निघतच नाही, असं दुकानदार म्हणाला. दुसऱ्या डबीची जुनी बॅटरी कशीबशी बसवून त्याने ती चालू करून दिली, वर म्हणाला, “पण हिचा भरवसा धरू नका.” मग लेकीने दोन नवे छोटे कॉम्प्युटर आणले. म्हणाली, “बाबा, दोन्ही वापरून बघा, मग एक ठेवू.”

झालं, आमच्या दुकानात परीक्षा सुरू झाली. शिंप्याची परीक्षा ती! आधी खिशाला मापं लागली. एक होता सरकत्या बटणांचा. त्याची बटणं अंगठ्याला लागायची, पण तो जाड, खिसा ओढायचा, आणि झोपला की जागा व्हायला इतका वेळ लावायचा की गिऱ्हाईक वाट बघून निघून जाईल. दुसरा निव्वळ काचेचा. पातळ, हलका, हाक मारताच हजर. आणि आवाज? अगदी माणसाचा! मऊ, समजूतदार. त्या आवाजात त्यांनी मला पहिल्यांदा “चहा ठेवतेस?” म्हटलं, आणि मी पदराने डोळे पुसले. लाज कसली सांगायची त्यात, पुसले.

काचेवर ह्यांनी डबीसारखीच सगळी वाक्यं त्या त्या जागी मांडली. तरी तोंड आंबट. डबी उघडून मला दाखवायचे, बोट गाठीवरून फिरवायचे, मग काचेवरून फिरवायचे आणि मान हलवायचे. मला कळत होतं, पण त्या आवाजापुढे कळून घ्यायचं नव्हतं. “सवय होईल,” मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काच खिशात घातली. डबी गेली मशीनशेजारच्या टेबलावर.

दुसऱ्याच दिवशीची गोष्ट. इस्त्रीचं टेबल आमच्या दुकानात भिंतीकडे तोंड करून, म्हणजे माझी त्यांच्याकडे पाठ. शिलाई मशीन धडधडत होतं. मी बादलीत हात बुडवून कापडावर पाणी शिंपडलं आणि ओल्याच हाताने इस्त्रीकडे वळले. एवढ्यात मशीन थांबलं, आणि मागून तो गोड, समजूतदार आवाज आला, “तुझंच खरं.”

मला हसू आलं. मी तर काही बोललेही नव्हते! “आता काय झालं?” असं म्हणत मी हात पुढे केला.

“तुझंच खरं. तुझंच खरं.”

आणि माझ्या कानाजवळून काहीतरी सणसणत गेलं आणि भिंतीवर फुटलं. त्या नव्या काचेचाच खच इस्त्रीवर. मी किंचाळून मागे सरले. “डोकं फिरलंय का तुमचं?” म्हणून वळले, तर हे इस्त्रीच्या टेबलावर पोटावरून झोकून देऊन भिंतीवरच्या विजेच्या बटणापर्यंत पोचलेले. खटकन बटण बंद. मग त्यांनी बोट दाखवलं. इस्त्रीच्या मुठीपाशी वायरचं आवरण जळून उघडी तार मुठीच्या पत्र्याला टेकली होती. कापडावर तिथेच ठिणगीचा काळा डाग पडला होता.

मी खालीच बसले. हे शेजारी बसले, आणि त्यांचा डावा अंगठा एप्रनच्या रिकाम्या खिशावर तसाच काहीतरी दाबत होता. त्या गुळगुळीत काचेवर त्याला गाठ सापडली नव्हती.

मीच बडबडायला लागले. “मला वाटायचं, तुम्हाला काही झालं तर ओरडणार कोण? चौकात तो टेम्पो—”

त्यांनी मान हलवली. उठून डबी आणली, मांडीवर ठेवली आणि सावकाश टाइप केलं. पत्र्याच्या डब्यात खडे खुळखुळले.

“टेम्पो माझ्या अंगावर नव्हता येत. तुझ्या येत होता.”

मला ‘तुझंच खरं’ म्हणायला बटण नव्हतं.

आता लेक कुठून कुठून त्या डबीची बॅटरी शोधतेय. मिळेल तेव्हा मिळेल. तोवर इस्त्रीचं टेबल मी फिरवून घेतलंय, तोंड ह्यांच्याकडे. इस्त्री करताना दर घडीला मान वर करते आणि त्यांच्या ओठांकडे बघते.