न सुकलेली निळी पॉपी

चार माणसं एका खोलीत वर्षानुवर्षं बसली की किस्से आपोआप साठतात. त्यात ती खोली वाळलेल्या झाडांची असेल, तर विचारूच नका! साठ सालाच्या आसपास मी बेंगळुरात अशाच एका वनस्पती संग्रहालयात नोकरीला होतो. हिमालयातून निळ्या पॉपीची दाबून वाळवलेली फुलं यायची आणि कुठलं फूल कुठल्या जातीचं, हे आम्ही ठरवायचो. लोक म्हणायचे, “काय निवांत नोकरी!” त्यांना एक दिवस आत बसवायला हवं होतं.

* * *

वाळलेल्या फुलाला चिमटा लावला की ते मोडतं. म्हणून आधी उकळत्या पाण्यात सोडायचं. मग पाकळ्या हळूहळू उलगडतात. एकदा दिल्लीहून आलेला ऑडिटर आमच्या जोगळेकर सरांशेजारी उभा राहून हे बघत होता. फूल उघडलं, देठ वळला आणि ते नेमकं त्याच्याकडे तोंड करून थांबलं.

“सर, हे हलतंय!”

“हलू द्या,” भिंगावरचा डोळा न काढता सर म्हणाले. “बोललं तर सांगा.”

ऑडिटरने कॉफीसुद्धा न घेता स्टेशन गाठलं!

* * *

सरांचा नियम एकच, रंगावर जायचं नाही. “निळा रंग लबाड असतो. डोंगरावर निळा, पेटीत तपकिरी! पाकळ्या मोजा, बीजकोशावरचे काटे बघा.”

पण फुलांची चित्रं काढायच्या त्या आमच्या कमलक्का. बेळगावच्या, घरात मराठी, बाजारात कन्नड. त्या रंगावरच जायच्या. हिमालयात फुलं गोळा करणारे नरहरराव त्यांचेच यजमान. एकदा पार्सल यायच्या आधीच अक्कांनी फूल रंगवून ठेवलं. पाच पाकळ्या आणि बुडाशी काळपट डाग. पार्सल फोडलं, तर पाकळ्या पाच. पाण्यात सोडल्यावर डागही दिसला.

“अक्का, तुम्हाला कसं कळलं?”

“हे तिकडे फुलाकडे बघत होते ना,” ब्रश धूत त्या म्हणाल्या, “तेव्हा मीही स्वल्प बघून घेतलं.”

सर हसले. मला काही हसू आलं नाही.

* * *

नरहरराव हिवाळ्यात घरी असले की ऑफिसात गप्पा मारायला यायचे. एकदा म्हणाले, “वर धुक्यात फुलं काढताना कोणीतरी हाक मारतं. पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही.”

“आणि दुसरीला?” सरांनी चेष्टेत विचारलं.

“दुसरी हाक हिच्या आवाजात येते.”

अक्कांनी हातातला कप खाली ठेवला. “मग तिलाही देऊ नका!”

“सरी, नाही देत,” म्हणून नरहरराव हसले. पण अक्कांचा चेहरा उतरला तो उतरलाच.

* * *

पुढच्या मोसमात नरहरराव परत आले नाहीत. दरड कोसळली, म्हणतात. शोधायला गेलेल्यांना फक्त त्यांची फुलं दाबायची लाकडी चौकट सापडली. ती आमच्याकडे आली. आत एकच निळी पॉपी होती आणि ती ओली होती!

आम्ही टिपकागद बदलला. दुसऱ्या दिवशी तोही ओलाचिंब. सर म्हणाले, “बेंगळूरची हवा.” पण शेजारच्या गठ्ठ्यातली फुलं पापडासारखी कुरकुरीत होती. मग अक्का स्वतःच रोज सकाळी कागद बदलू लागल्या. कपाळावर कुंकू तसंच. जात ठरवायला सरांनी एकदा फूल मागितलं, तर म्हणाल्या, “सुकल्याशिवाय नाही.” सरांनी पुन्हा मागितलं नाही.

एके दिवशी बेळगावहून त्यांचे धाकटे दीर आले. थेट ऑफिसातच.

“वैनी, वर्ष उलटलं की ओ! आईनं हाय खाल्लीय. दादाचे दिवस घालून मोकळं होऊया.”

“भाऊजी,” अक्कांनी त्यांच्यापुढे ओला कागद धरला, “हे बघा. अजून सुकलेलं नाही. दिवस कसे घालू?”

ते बिचारे कागदाला हात लावून तसेच परत गेले. मला अक्कांची भीती वाटली आणि त्याहून जास्त कणव आली.

श्रावणातली गोष्ट. सकाळपासून पावसाची पिरपिर चालू होती. कपाटातला कागद न् कागद सादळला होता. अक्कांनी चौकट उघडली. टिपकागद खडखडीत कोरडा! त्यांनी तो गालाला लावून पाहिला.

मग त्या सरांच्या टेबलापाशी गेल्या.

“सर, आजपासून तेरा दिवस रजा हवी.”