घाटकोपरचे मासे

रिटायर झालेल्या माणसाच्या घरात दोन गोष्टी साठत जातात. औषधाच्या रिकाम्या बाटल्या आणि ऑफिसचे किस्से. बाटल्या बायको भंगारवाल्याला देते. किस्से कोणी घेत नाही.

परवा पेपरात शुभा राणेचा फोटो आला, पर्यावरणतज्ज्ञ म्हणून. बायको म्हणाली, "ही तुमच्याकडे होती ना? बघा, कुठे पोचली!"

मी चष्मा काढून ठेवला. आता ऐकाच.

*

ऐंशीच्या दशकात मुलुंडला आमची रंगाची फॅक्टरी होती. मी तिथे क्लार्क. शुभा आली ती सँडविच कोर्समधून. म्हणजे काही महिने कॉलेज, काही महिने कारखाना, मग पुन्हा कॉलेज. तिचं काम, फॅक्टरीचं सांडपाणी साफ करणारा प्लांट बघायचं.

आमच्या दामलेसाहेबांनी पहिल्याच दिवशी तिला पंख्याखालचं टेबल दिलं! त्या टेबलासाठी मी आणि शेजारचा सावंत, जुन्या हेडक्लार्कच्या रिटायरमेंटची वाट बघत म्हातारे होत आलो होतो.

"चेडवाक पंखो, नि आमका घाम!" सावंत म्हणाला.

*

लॅबच्या फ्रीजमध्ये तिच्या सांडपाण्याच्या बाटल्या असायच्या. सावंत तिथेच आपली सोलकढीची बाटली ठेवायचा. एकदा जेवायला बसला तर बाटली गायब.

दुपारी शुभा साहेबांकडे धावत आली. "सर, आजचं पाणी फार आंबट आहे. गाळही खूप. नाल्यात सोडता येणार नाही!"

रंगाच्या फॅक्टरीत गुलाबी पाण्याचा संशय कोणाला येणार?

सावंत हात जोडून म्हणाला, "पोरी, कढी बायकोच्या हातची आहे. आमच्या घरी कळू देऊ नकोस गं!"

साहेब खो खो हसले. मी इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली होतो, पण त्यांना दात आहेत हे त्या दिवशी कळलं.

*

मग प्रदूषण विभागात असिस्टंटची नवी जागा निघाली. पगार बरा, स्वतंत्र केबिन. मी अर्ज केला. कळलं की साहेबांच्या मनात शुभा आहे.

"साहेब, तिला अनुभव किती?" मी विचारलं.

"आणि तुम्हाला?"

"माझी सगळी नोकरी नाल्याकडच्या खिडकीशी झाली!"

"हो. पण वास आला की ती नाल्यावर जाते. तुम्ही खिडकी लावून घेता."

*

आता माशांचं सांगतो. साफ केलेलं पाणी नाल्यात जाण्याआधी एका काचेच्या टाकीतून जायचं. टाकीत मासे. मासे जिवंत म्हणजे पाणी चांगलं, अशी ती व्यवस्था. आमचे मासे आठवडाभरही टिकत नसत. म्हणून सरकारी इन्स्पेक्टर यायच्या आदल्या दिवशी मी घाटकोपरला जाऊन नवे मासे आणायचो. अर्धा दिवस बाहेर, वर कंपनीच्या खर्चाने मिसळ. अख्ख्या नोकरीत मला हेच एक खातं होतं.

शुभाने प्लांटमध्ये चुना अंदाजाने टाकणं बंद केलं, मोजून टाकायला लावलं. आणि मासे मरेनात! रोज सकाळी मी आशेने टाकीत डोकावायचो. ते माझ्याकडे बघून तोंड उघडायचे.

"काका, तुमचा किती जीव आहे ना माशांवर!" ती म्हणायची.

माझी मिसळ गेली.

*

शुभाचे महिने संपत आले तेव्हा इन्स्पेक्टर आले. साहेब तिला म्हणाले, "आज सगळं नीट पार पडलं, तर कॉलेज संपल्यावर जागा तुझी."

इन्स्पेक्टर टाकीपुढे थांबले. आत चांगले तळहाताएवढे मासे फिरत होते.

"हे कुठून आणलेत?" ते कडाडले. "मासे बदलता काय, मला दाखवायला?"

"नाही सर, जुनेच आहेत," शुभा म्हणाली. "वाढलेत."

"पोरी, मी इथे वर्षानुवर्षं येतोय. दर वेळी बोटाएवढे मासे बघतो. या फॅक्टरीत मासा वाढत नाही!"

शुभाचे डोळे भरून आले. साहेबांना घाम फुटला. मग साहेब माझ्याकडे वळले. "अहो, टाकीचं तुम्हीच बघता ना? सांगा ना यांना, मासे बदलले का ते!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मासेसुद्धा.

मी म्हणालो, "साहेब, ही मुलगी आल्यापासून मी एकदाही घाटकोपरला गेलेलो नाही!"