फाटक्या कानाचा उंट

केडगावात गणपतीचा देखावा आधीच फुटला, तर मंडळाचं नाक कापलं जातं. म्हणून मांडवाला चारी बाजूंनी पडदे आणि आत फक्त आपली माणसं. त्या वर्षी माझ्या हट्टापायी आमच्या मंडळाने उंट करायचं ठरवलं. साधा उंट नव्हे, एपिकॅमेलस! आजच्या उंटाचा कैक लाख वर्षांपूर्वी नामशेष झालेला नातेवाईक, जिराफासारखी लांब मान, आणि राहायला थेट अमेरिकेत. उंटांचं मूळ अमेरिकेत, हे ऐकून पोरं माझ्याकडेच संशयाने बघायला लागली.

बांबू, गोणपाट, कागदाचा लगदा. कामाला मी आणि माझा शाळेपासूनचा मित्र, समोर माझ्या मोबाईलमधलं एपिकॅमेलसचं चित्र. या प्राण्याची सापडलीत ती फक्त हाडं. कान कसे होते, कोणालाच ठाऊक नाही. म्हटलं, मग कान आपल्या मनाचे. आमच्या शेळीचा डावा कान कुत्र्याने फाडला होता. मित्राला घरी नेऊन तो दाखवला. तो पोट धरून हसला.

"लई भारी! पन कुनाला बोलू नको. कान शेवटच्या दिवशी लावू."

मी घरातसुद्धा बोललो नाही.

चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी पलीकडच्या मंडळाने पडदा उघडला. आत लांब मानेचा उंट उभा. डावा कान फाटका.

त्या मंडळाच्या अध्यक्षाच्या बहिणीशी माझ्या मित्राचं लग्न ठरलं होतं. लोक सोयऱ्यांना आहेर करतात, याने माझा उंट दिला. माझ्या अंगाची लाही लाही झाली. इतका जवळचा माणूस असं करतो, याचं रडूही येत होतं.

आमच्या मांडवात परतलो तर पोरं खवळलेली.

"कुनी फोडलं?"

"चित्र तर ह्याच्याच मोबाईलमदी हुतं," मित्र म्हणाला. माझ्याकडे न बघता.

सगळे माझ्याकडे वळले. मला ओरडून सांगायचं होतं, तो कान बघा, त्या कानावरून चोर कळेल. पण आमच्या उंटाला कान अजून लावलेच नव्हते. फाटक्या कानाचा बेत ठाऊक होता दोघांनाच. त्यातला एक मी होतो, आणि दुसरा शांतपणे सुतळी गुंडाळत बसला होता.