सगळं सिझरच्या माथी

आमच्या टेंभुर्णीच्या घरात माझ्या सिझरचा जेवढा बोलबाला होता तेवढा माझा कधी झाला नाही. मुलगी शाळेत जायला लागली तरी दुसऱ्या लेकराचा पत्ता नाही, यावर कुणी काही विचारलं की सासूबाई माझ्याकडे न बघताच उत्तर द्यायच्या, "पोट फाडल्यावर कशाचं आलं लेकरू?" गिरणीत, हळदीकुंकवात, बाजाराच्या दिवशी टमटममध्ये, जिथं मी स्वतः जात नव्हते तिथंही माझं पोट जाऊन आलेलं असायचं.

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करतात. माझंही माहेरीच झालं, बाळ आडवं होतं म्हणून डॉक्टरांनी सिझर केलं. म्हणजे सासूबाईंच्या लेखी सगळा दोष माझ्या आईचा, कारण फाडायला होकार तिनं दिला. आई सणावाराला आली की तिला चहा मिळायचा आणि चहासोबत हेही ऐकायला मिळायचं. मला असा संताप यायचा की मी भांडी आपटायचे. बोलायचे मात्र नाही, कारण खरं काय ते मला माहीत होतं.

मुलगी रांगत असताना आमच्या ह्यांना गालफुगी झाली. लहानपणी होऊन गेली तर ती गालावरच राहते, मोठ्या पुरुषाला झाली तर कधी कधी खालीही उतरते. पुढे दिवस राहीनात म्हणून आम्ही जालन्याला जाऊन दोघांची तपासणी केली. माझं सगळं व्यवस्थित निघालं. ह्यांचे शुक्रजंतू त्या तापात जवळजवळ संपले होते. परतीच्या बसमध्ये हे म्हणाले, "घरी काय सांगायचं?" मला त्यांची फार कीव आली. म्हटलं, "काही सांगू नका. त्यांनी कारण आधीच शोधून ठेवलंय." टाके तर माझ्याच पोटावर होते. टाक्यांच्या नावावर आणखी एक गोष्ट खपून जाईल असं मला वाटलं.

मग धाकट्या जावेला दिवस गेले आणि सासूबाईंनी रीतच मोडली. तिचे आईवडील अंकुशनगरहून तिला न्यायला आले, तर त्यांना पुरणपोळी खाऊ घालून तसंच परत पाठवलं. "हिचं बाळंतपण मीच करनार. माहेरी धाडून काय होतंय ते एकदा बघितलंय आम्ही." रोज रात्री जावेला तूप घालून दूध मिळायचं, आणि दुधाच्या पेल्यासोबत माझं उदाहरण.

कळा सकाळी सुरू झाल्या. सासूबाई 'होईल, होईल' करत राहिल्या आणि जालन्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत दुपार झाली. पाणी जाऊन बराच वेळ झाला होता. डॉक्टरीणबाई तपासून बाहेर आल्या आणि सरळ म्हणाल्या, "बाळानं पोटात शी केलीय. ठोके कमी होताहेत. सिझर करावं लागेल, आत्ताच."

दिरानं सहीसाठी पेन घेतला. सासूबाईंनी त्याचं मनगट धरलं.

"सही करू नको बिलकुल. कळा येऊन राह्यल्या, होईल मोकळी."

"माय, डॉक्टर सांगून राह्यल्या ना..."

"डॉक्टरचं काय जातंय? मोठीकडं बघ. तिलाबी असंच जल्दी जल्दी आत नेल्तं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सिझरनं वाट बंद होत नाही हो. एखादीला पुढच्या वेळी थोडा उशीर लागतो. पण आत्ता आत एक जीव गुदमरतोय."

"मंग हिचं काय झालं?" सासूबाईंनी माझ्याकडे बोट केलं.

माझं काय झालं ते त्या डॉक्टरीणबाईंना कुठून माहीत असणार? त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पेशंटही नकोच म्हणतेय. तुम्ही तरी समजवा तिला. वेळ नाही."

मी आत गेले. जावेनं पलंगाची दांडी घट्ट धरली होती. यंत्रातून बाळाचे ठोके ऐकू येत होते. मध्येच ते मंद व्हायचे आणि नर्स हातातलं काम सोडून तिकडे बघायची. मी जावेच्या कपाळावर हात ठेवला. म्हटलं, "हो म्हण गं. काही होत न्हाई."

तिनं माझा हात बाजूला केला. "ताई, राग मानू नका. मला तुमच्यासारखं न्हाई व्हायचं."

राग आला नाही. जे खोटं मी नवऱ्याची लाज राखायला सांभाळलं, त्याच्यापायी ही आपलं लेकरू घालवून बसणार होती.

मी बाहेर आले. हे खिडकीशी उभे राहून रस्त्यावरच्या गाड्या बघत होते. "अहो, तुम्ही सांगता का मी सांगू?"

त्यांना लगेच कळलं. तरी त्यांनी मान पुन्हा खिडकीकडे वळवली. माणूस वाईट नाही. पण त्या वेळी त्यांना धरून गदागदा हलवावंसं वाटलं.

"आत्याबाई," मी सासूबाईंना म्हणाले, आणि आवाज मोठाच निघाला. "माझं सिझरनं अडलेलं न्हाई. दोघांची तपासणी झाल्ती. माझ्यात काही दोष न्हाई. ह्यांना गालफुगी झाल्ती, त्यानं अडलंय."

बाकावरची एक अनोळखी बाई पदर सावरत दुसरीकडे बघू लागली. सासूबाईंनी मुलाच्या पाठीकडे पाहिलं. "खरं हाय का रे?"

खिडकीकडेच तोंड ठेवून हे म्हणाले, "हो, माय."

मनगटावरचा हात सुटला. दिरानं सही केली. मी आत पळाले आणि जावेच्या कानाशी वाकून तेच पुन्हा सांगितलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तेवढ्यात कळ आली आणि त्या कळेतच ती ओरडली, "करा! काय करायचं ते करा!"

बंद दारापुढे आम्ही चौघं बसलो. मी उशीर केला, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं. मूल बाहेर आल्याचं नर्सनं सांगितलं, पण रडणं ऐकू येईना. सासूबाईंनी माझा हात धरला. मग बारीक आवाज आला, आणि नंतर चांगला चिडून मोठा झाला. दीर भिंतीला टेकून खालीच बसला आणि रडला.

मुलगी झाली. नर्सनं ती सासूबाईंच्या हातात दिली. त्यांनी तिच्या कपाळावरून बोट फिरवलं आणि मला हळूच विचारलं, "धाकटीला दुसरं होईल ना गं मंग?"

"आधी हे नीट धरा," मी म्हणाले.

संध्याकाळी मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसले होते. हे चहाचे दोन कप घेऊन आले, एक माझ्यापुढे धरला आणि शेजारी बसले. म्हणाले, "मीच सांगायला पाहिजे होतं."

"हो," मी म्हणाले. "आणि मी विचारायच्या आधी."

त्यांचे डोळे भरून आले. मला ते दिसले, तरी मी त्यांची समजूत घातली नाही.